नदीपलीकडची डेअरी सोडून

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, ‘दूध डेअऱ्यांचे प्रोग्रॅम करते.’ भांडगावला एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी त्यावर मला गंभीरपणे विचारलं, ‘लावणीचे पण घेता का?’ तेव्हापासून मी जरा सविस्तर सांगते.

तर सविस्तर असं. सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटली घेऊन डेअरीवर येतो. दूध काट्यावर ओततात, त्यातला वाटीभर नमुना फॅट मशीनला लावतात. वजनाचा आणि फॅटचा आकडा तारेतून संगणकात येतो. तिथे माझा प्रोग्रॅम दरपत्रक बघून हिशेब करतो आणि पावती बाहेर पडते. हे सगळं झटक्यात व्हावं लागतं, कारण मागे रांग असते आणि दूध कोणासाठी थांबत नाही. दौंडला स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत बसून मी हेच काम करत आले. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या डेअऱ्यांच्या ओट्यांवर मी जेवढा वेळ काढला, तेवढा स्वतःच्या घराच्या ओट्यावर काढला नसेल. नवरा म्हणायचा, तुझ्या अंगाला दुधाचा वास येतो. खोटं बोलत नव्हता.

आता जरा परवान्याबद्दल. कंटाळू नका, पुढची सगळी भानगड त्यावरच उभी आहे. लोक म्हणतात, ‘मी प्रोग्रॅम विकत घेतला.’ बहुतेक वेळा काही विकत घेतलेलं नसतं. वापरायची परवानगी मिळालेली असते, तीही देणाऱ्याच्या अटींवर. आत काय चाललंय ते बघायचं नाही, बदलायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही. याच भागातला एक नर्सरीवाला मला मोठ्या ऐटीत म्हणाला होता, ‘मॅडम, मला तर एकदम फ्री मिळालंय.’ मी अटी वाचून बघितल्या. ते फक्त घरगुती वापरासाठी फुकट होतं, आणि हे गृहस्थ त्यावर अख्ख्या नर्सरीची बिलं काढत होते. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, ‘नर्सरी घरामागंच हाय की!’ मी कपाळावर हात मारून घेतला.

फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. मुक्त म्हणजे प्रोग्रॅम कशालाही वापरा, आत काय लिहिलंय ते वाचा, हवं तसं बदला, आणि दुसऱ्याला द्या, बदललेला असला तरी द्या. काही मुक्त परवान्यांत वर एक अट असते: तुम्ही तो पुढे दिलात, तर घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे. एवढंच. हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. इतकं सरळ कोण लिहितं? मग कळलं, जगभरातले हजारो लोक असंच काम करून ठेवून देतात, कोणीही न्यावं म्हणून. मला त्या लोकांबद्दल आजही भरून येतं. त्यातल्या एकालाही मी भेटलेले नाही.

वडगाव रासाईच्या बाजूला, भीमेच्या शिरूरकडच्या काठावर, एक डेअरी आहे. तिचे चेअरमन दामूआप्पा. उंच, वाळलेले, आवाज असा की माइकची गरज नाही. सचिव संगीता, संगणकावर बसते ती, आणि डेअरी खरं म्हणजे चालवते तीच, हे आप्पासुद्धा मान्य करतात, फक्त तिच्यासमोर नाही. त्यांच्याकडे एका शहरी कंपनीचा भाड्याचा प्रोग्रॅम होता. एके दिवशी सकाळी सकाळी संगीताचा फोन आला.

‘मॅडम, परवाना संपला म्हणतंय. काहीच उघडंना. रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय.’

‘भाडं भरलं नव्हतं का?’

‘भरलंय की! त्यांच्याकडं नोंद झाली न्हाई म्हणं. दहानंतर ऑफिस उघडतं त्यांचं.’

दहानंतर! तोवर दुधाचं दही झालं असतं. त्या दिवशी संगीतानं हातानं पावत्या केल्या, दोघाचौघांशी भांडणं झाली, आणि रस्त्यावरच्या खासगी गाडीवाल्यानं ‘आमच्याकडं घाला, लगेच पावती’ म्हणत काही सभासद पळवले. दहानंतर कुलूप निघालं. पण पाठोपाठ कंपनीचं पत्र आलं: पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल, सगळा हिशेब आमच्याकडेच राहील, मान्य नसेल तर सेवा बंद.

आप्पांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘मॅडम, आपला सोताचा पाहिजे. कुणी कुलूप घालू नये असा. महिनाअखेरीपत्तूर. न्हाई झालं तर आर्धं गाव त्या गाडीवाल्याकडं जातंय, मग डेअरीचं पत्र्याचं शेड तेवढं उरंल.’

डेअरी आप्पांनी उभी केलेली होती. ती जाणं म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

काम कशावर उभं करायचं, हा पहिला प्रश्न. प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे एक भाषा लागते, माहिती साठवायला कोठार लागतं, पडद्यावरचे रकाने-बटणं करायला तयार साहित्य लागतं. या सगळ्याला आमच्यात प्लॅटफॉर्म म्हणतात. घर बांधताना जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघतो, तसं मी आधी परवाना बघते, मग बाकीचं. तीन प्लॅटफॉर्म समोर होते. पहिला देखणा, काम निम्म्यावर येणारा; पण उलाढाल ठरावीक मर्यादेपुढे गेली की पैसे, आणि अटी कधीही बदलण्याचा हक्क त्यांच्याकडे. दुसरा आतलं सगळं दाखवत होता, पण नुसतं दाखवत होता. हात लावायचा नाही, पुढे द्यायचा नाही. शोकेसमधली मिठाई. तिसरा खराखुरा मुक्त. त्याचे रकाने जरा ओबडधोबड, माहितीपुस्तक रुक्ष, पण भाषेपासून कोठारापर्यंत एकाही तुकड्यावर ‘पण’ लिहिलेलं नव्हतं. मी प्रत्येक तुकड्याचा परवाना वेगळा उघडून वाचला, कारण नव्वद टक्के मोकळं असलेलं फाटक बंदच असतं. तिसरा घेतला. त्याला मघाची ती एक अट तेवढी होती: पुढे द्याल त्यालाही सगळे हक्क द्या.

एकट्या डेअरीला खर्च झेपेना, तेव्हा आप्पांनी याच काठावरच्या आणखी तीन डेअऱ्या सोबत घेतल्या. शेतीत सावड करतात ना, आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसंच. प्रोग्रॅम चौघांसाठी व्हायचा, चौघांना द्यायचा. मला कल्पना फार आवडली. मी जीव ओतून काम केलं. संगीता रोज संध्याकाळी दूध संपलं की फोन करून चुका सांगायची, आणि चुका सांगण्यात ती कधीही कंजुषी करायची नाही.

महिना संपत आला तसा आप्पांनी चारही डेअऱ्यांच्या बैठकीत ठराव मांडला. प्रोग्रॅम चौघांच्या मालकीचा, कोणालाही द्यायला मोकळीक, ‘नदीपलीकडची डेअरी सोडून.’

मी म्हटलं, ‘आप्पा, हे “सोडून” काय आहे?’

‘ते ऱ्हाऊ द्या. आमचं आतलं हाय.’

आतलं काय होतं ते मला संगीतानं बाहेर नेऊन सांगितलं. नदीच्या पलीकडे दौंड तालुक्यात आप्पांच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सासर. तिचे यजमान रामभाऊ, म्हणजे आप्पांचे दाजी, तिकडच्या डेअरीचे चेअरमन. पूर्वी ही एकच डेअरी होती, तिकडचं दूध इकडे यायचं. मग दाजींनी भर सभेत म्हटलं, ‘फॅट मशीनवर एक आकडा दिसतो आन् पावतीवर दुसराच येतो. पलीकडच्यांना कमी लावता तुमी.’ आप्पांना ते चोर म्हटल्यासारखं लागलं. डेअरी फुटली. आप्पांनी पलीकडे पाऊल टाकणं बंद केलं. आक्का एकदा भाऊबीजेला ताट घेऊन स्वतः आली, अंगणातून हाका मारल्या, तर हे मागच्या दारानं रानात निघून गेले. मला ऐकून आप्पांचा संताप आला. सख्खी बहीण हो!

आत येऊन मी सांगितलं, ‘आप्पा, हे चालणार नाही. प्रोग्रॅम तुमच्या एकट्याच्या डेअरीत ठेवला असता, तर कोणाला द्यायची सक्ती नव्हती. पण आपण तो या तीन डेअऱ्यांना देतोय. ज्या सामानावर तो उभा आहे, त्याचा परवाना सांगतो, ज्याला द्याल त्याला पुढे द्यायचा हक्कही द्या. अमक्याला सोडून, तमक्याला सोडून, असं घालता येत नाही.’

‘का न्हाई? प्रोग्रॅम आमचा, पैसा आमचा.’

‘सामान लोकांचं आहे. त्यांनी आपल्याला देताना कोणाला सोडलेलं नाही. तुम्ही कोणत्या गावचे, कोणाशी बोलत नाही, काही विचारलं नाही.’

‘मग दुसऱ्या सामानात करा.’

‘दुसऱ्या सामानाला कुलूप आहे. आणि महिना संपायला आलाय.’

बैठकीत एकदम कालवा झाला. एक चेअरमन म्हणाले, ‘आप्पा, सोडा की आता.’ दुसरे म्हणाले, ‘कागदावर लिवू नका, मनात ठेवू, द्यायचं न्हाई म्हणून.’ ठरावाचा कागद तसाच आप्पांच्या मांडीवर. हट्ट धरला तर प्रोग्रॅम हातचा जाणार, पुढच्या आठवड्यात पुन्हा कुलूप, मागोमाग डेअरी. हट्ट सोडला तर दाजी उद्या न विचारता घेऊन जाणार. मला त्या वेळी मनापासून वाटलं, हा माणूस डेअरी घालवेल पण शब्द मागे घेणार नाही. असे लोक मी पाहिलेत.

मग आप्पांनी विचारलं, ‘ह्याच्या आत काय लिवलंय ते कुणालाबी बघता येतं म्हणालात न्हवं तुमी?’

‘कोणालाही.’

‘मशीनवरचा आकडा पावतीवर कसा येतो, ते?’

‘तेही. मशीनच्या पोटात काय चालतं ते नाही. ते मशीनवाल्यांनी बंदच ठेवलंय. पण मशीननं आकडा दिल्यापासून पावती निघेपर्यंत आपला प्रोग्रॅम काय करतो, ती ओळ न् ओळ वाचता येते.’

‘दाजीला बी?’

‘दाजींनाही. तुम्ही आम्ही नको म्हटलं तरी.’

आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ‘तवा हे असतं तर... मी त्याला म्हणालो असतो, ये, बस हितं, आन् बघ. माझ्याकडं दाखवायला कायच न्हवतं, मॅडम. त्या कंपनीच्या डब्यात काय शिजतंय, मला तरी कुठं ठावं होतं? नुसता वरडत बसलो, मी चोर न्हाई, मी चोर न्हाई.’

जुन्या प्रोग्रॅममध्ये खरंच आकडा कापला जात होता का, हे आजही कोणी सांगू शकत नाही. तो कुलपातच गेला. याची मला फार हळहळ वाटते.

आप्पांनी कागद संगीताकडे सरकवला. ‘ते “सोडून” खोड. बघू दे त्याला. एकदाचं बघूच दे.’ मग माझ्याकडे बोट करून, ‘पण मी सांगायला जाणार न्हाई हां त्याला!’

मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. माया उफाळून आली म्हणून त्यानं ते केलं नाही, हे मला माहीत होतं. त्याला आपलं घर उघडून दाखवायचं होतं. पण भल्याभल्या कंपन्यांना जे जमत नाही ते या पठ्ठ्यानं एका बैठकीत करून टाकलं.

महिना संपायच्या आत प्रोग्रॅम चारही डेअऱ्यांत सुरू झाला. कंपनीला रामराम. मी तो सगळ्यांना उघडा ठेवला, आतल्या लिखाणासकट. आणि काही महिन्यांनी मला एका अनोळखी मुलीचा फोन आला.

‘मॅडम, मी मनीषा. पलीकडच्या डेअरीचा संगणक मी बघते. रामभाऊ माझे सासरे. तुमचा प्रोग्रॅम आमी घेतलाय. चालंल ना?’

‘अगं, विचारायची गरजच नाही.’

‘ते वाचलं मी. तरी म्हणलं, सांगावं. सासऱ्यांनी फॅटचा सगळा हिशेब माझ्याकडनं वाचून घेतला, दोनदा. मग म्हणाले, ह्यात काय खोट दिसत न्हाई.’ मग म्हणाली, ‘मी थोडं बदललंय. ते तुमाला पाठवू का?’

बदल बघून मी खुर्चीतच सरळ बसले. पावती वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांसाठी तिनं प्रोग्रॅमला बोलायला लावलं होतं. तयार मिळणारा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा, तो ऐकून बायका हसायला लागल्या. म्हणून तिनं घरातल्याच एका माणसाकडून आकडे बोलून घेतले होते. आणि तो माणूस ‘चार पॉइंट पाच’ म्हणायला तयारच नव्हता, ‘साडेचार’ म्हणायचा. मनीषानं निमूट त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदलला: दीड, अडीच, आणि पुढे साडे. कुठल्या शहरी कंपनीनं आमच्या डेअरीसाठी हे केलं असतं? मी पोरीचं तोंडभरून कौतुक केलं. पंचवीस-तीस वर्षं या धंद्यात काढल्याचं सार्थक झालं, असं मी तिला सांगितलं. ती लाजून ‘ह्या, काय मॅडम’ म्हणाली. आवाज कोणाचा, ते मी विचारलं. तिनं सांगितलं. मी म्हटलं, पाठव, मी उद्या आप्पांच्या डेअरीत बसवते.

सकाळी मी आणि संगीतानं ते बसवलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच धाकधूक होती. रांग लागली. आप्पांचं दूध एरवी त्यांचा गडी आणायचा, पण त्या दिवशी मी आलेय म्हणून तेच किटली घेऊन आले. संगीतानं दूध ओतलं, नमुना लावला. आणि स्पीकरमधून म्हातारा, खणखणीत, जरा खरखरीत आवाज आला:

‘म्हैस. सात लिटर. फॅट साडेपाच.’ मग एक श्वास घेऊन, ‘पेंड घाला की जरा म्हशीला!’

फॅट ठरलेल्या आकड्याखाली गेली की हे शेवटचं वाक्य वाजायचं. ती आक्काची स्वतःची भर, मनीषानं तशीच ठेवलेली. सगळी रांग हसली. आप्पा हसले नाहीत. किटलीचं झाकण हातात धरून ते स्पीकरकडे बघत राहिले.

‘परत लाव,’ ते संगीताला म्हणाले.

‘परत लागत न्हाई आप्पा, पावती झाली.’

मागच्या बाईचं दूध ओतलं. ‘गाय. चार लिटर. फॅट चार. पुढं या.’ आप्पा जागचे हलेनात. तिच्या मागच्याचं झालं. त्याच्या मागच्याचं. ते बाजूच्या पोत्यांवर बसले आणि अख्खी रांग संपेपर्यंत ऐकत राहिले. डोळे पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती, आणि गाव बघत होतं. मला वाटलं, आपण हे न सांगता लावायला नको होतं. मी जवळ गेले तशी ते म्हणाले, ‘मॅडम, तुमची गाडी हाय न्हवं?’

पुलावरून आम्ही पलीकडे गेलो. घर कुठलं, ते त्यांनी हातानं दाखवलं. अंगणात आक्का कांदे निवडत बसली होती. लहानखुरी, पाठीत वाकलेली. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघतो, कोण जाणे. मनीषा दारात आली, मला बघून हसली, आप्पांना बघून डोक्यावरचा पदर सारखा करत आत सासऱ्यांकडे वळली. ‘मामंजी, बघा कोण आलंय!’

आक्कानं मान वर केली. बघितलं. उठली नाही.

‘हाका मारल्या तवा आला न्हाईस,’ ती म्हणाली, ‘आन् मशीनमधनं बोलले तवा आलास व्हय रं?’

आप्पा अंगणात उभेच. त्यांचा तो मोठा आवाज आज अगदी हळू निघाला.

‘पेंड घालतो की गं म्हशीला,’ ते म्हणाले. ‘सगळ्या गावादेखत बोलायचं व्हय असं?’